बाबागाडी घेऊन फोर्ट कोचीत: कुठे ढकलायची, कुठे मिटायची

फोर्ट कोचीत पहिल्याच सकाळी आमच्या बाबागाडीचं पुढचं चाक गटारावरच्या दोन लाद्यांच्या फटीत अडकलं. मी जोर लावला. चाक तिथेच राहिलं आणि गाडी पुढे आली. आत दहा महिन्यांची लेक नाचणीचं बिस्कीट चोखत निवांत बसली होती. समोर झाडाखाली पेपर वाचत बसलेला रिक्षावाला उठला, चाक उपसून काढलं, खटकन बसवलं, वर तारेचे दोन वेढे दिले. पैसे विचारले तर हात हलवून पुन्हा पेपरात गेला. ती तार अजून चाकावर आहे.

पुढच्या चार दिवसांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच तान्ह्याला घेऊन बाहेर पडणार असाल तर केरळातल्या कोची शहराचा हा जुना भाग, फोर्ट कोची, चांगलं गाव आहे. गाव लहान आहे, बाळ घेऊन आलेल्याला लोक जागा करून देतात, आणि जमीन सपाट आहे. नावात फोर्ट असलं तरी किल्ला शोधू नका. किल्ला म्हटलं की आपल्या पोटऱ्या आधी दुखायला लागतात, इथे ती वेळ येत नाही. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे किल्ला उभारला, १६६३ मध्ये तो डचांकडे गेला आणि १८०६ मध्ये इंग्रजांनी तटबंदी उडवून दिली. राहिलं ते समुद्राकाठचं सपाट गाव. बाबागाडीवाल्यांच्या हिशेबाने इंग्रजांचं हे एक पुण्यकर्मच.

आधी महिना ठरवा, मग वार

डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चपासून उकाडा असा वाढतो की सावलीत बसूनही बाळाची मान ओली राहते. जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो. तो मुंबईच्या पावसाला ओळखणाऱ्यांना घाबरवणार नाही, पण बाबागाडीवर प्लॅस्टिकचं आवरण घातलं की आत बाळ उकडीच्या मोदकासारखं वाफवून निघतं. तेव्हा नकोच.

३१ डिसेंबरही टाळा. त्या रात्री इथे पप्पांजी नावाच्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळून नवं वर्ष सुरू करतात. गर्दी मुंगीला शिरायला जागा नाही अशी, आणि रस्ते गाड्यांना बंद. बाळ मोठं झालं की या.

वाराचं गणित मात्र लिहूनच घ्या, कारण ते आम्ही चुकवलं. शेजारच्या मट्टांचेरी भागातला राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्याच्या शेजारचं ज्यू लोकांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, शनिवारी बंद असतं आणि शुक्रवारी दुपारनंतरही उघडत नाही. आम्ही गुरुवारी रात्री पोहोचलो आणि शुक्रवारी संध्याकाळी राजवाड्याच्या बंद दारासमोर लेकीला केळं भरवलं. तुम्ही शनिवारी पोहोचा. रविवारी गाव हिंडा आणि मट्टांचेरी सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा.

गाडी कोणती न्यायची

घरी जी मोठी, मऊ, कपहोल्डरवाली गाडी आहे ती घरीच ठेवा. इथे तीन गोष्टी लागतात: एका हाताने मिटणारी, एका हाताने उचलता येणारी, आणि रिक्षात सीटच्या मागे मावणारी. दुकानात घेताना मिटून, काखेत मारून, दुकानाच्या पायऱ्या एकदा चढून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. पुढची चाकं अगदी बारकी नकोत. फोर्ट कोचीचे पदपथ म्हणजे बऱ्याच ठिकाणी गटारावर टाकलेल्या सिमेंटच्या लाद्या आहेत, आणि दोन लाद्यांतली फट बारक्या चाकाच्या मापाचीच असते. फट दिसली की गाडी मागे रेलून पुढची चाकं उचला आणि मागच्या चाकांवर पार करा. खरं तर गल्ल्यांमध्ये पदपथावर चढूच नका, रस्त्याच्या कडेने चाला. सकाळी वाहनं तुरळक असतात.

गाडीबरोबर अंगाला बांधायचं कॅरिअर हवंच. पर्याय म्हणून नाही, दोन्ही हवं. अर्धं गाव गाडीचं आहे आणि अर्धं कॅरिअरचं. पाठुंगळी किंवा कडेवर घेऊन भागवू असं वाटतं, पण त्या दमट हवेत वीस मिनिटांत दोघंही घामाने चिकटतात. सुती आणि पातळ कॅरिअर घ्या.

एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. ऊन लागू नये म्हणून आपण बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतो. टाकू नका. कापड कितीही पातळ असलं तरी आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापते. बाळ गप्प झालं की आपल्याला वाटतं झोपलं. गाडीचं टप ओढा, क्लिपची छत्री लावा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा. जाळीदार मच्छरदाणी चालते, आणि संध्याकाळी ती लागतेच. कोचीचे डास दर्जेदार आहेत. त्वचेला लावायचं औषध निघण्याआधी बाळाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. वयाप्रमाणे काय चालतं ते बदलतं.

पोहोचायचं कसं

रेल्वेने जायचं तर मुंबईहून कोकण रेल्वेमार्गे नेत्रावती एक्सप्रेस आहे, पुण्याहून पूर्णा एक्सप्रेस. उतरायचं एर्नाकुलम जंक्शनला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या स्टेशनला. प्रवास एक दिवसाच्या आसपासचा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. एक खालचा बर्थ मिळवा, बाकी सगळं सांभाळता येतं. मिटलेली गाडी बर्थखाली सरकते. कोकणातले बोगदे म्हणजे बाळासाठी फुकटची करमणूक. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात आमची लेक खिडकीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी गप्पा मारत होती.

विमानाने गेलात तर गाडी बहुधा विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तिकीट काढताना तुमच्या कंपनीचा नियम पाहा. विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. रहदारी असेल तर दीड तास धरा. टॅक्सीत बाळाची खुर्ची मिळेल हे गृहीत धरू नका. टॅक्सी बुक करताना विचारा किंवा स्वतःची खुर्ची न्या.

एर्नाकुलम आणि फोर्ट कोची यांच्यामध्ये पाणी आहे. नकाशात अंतर हाताच्या बोटाएवढं दिसतं, रस्त्याने मात्र पूल ओलांडत बारा-तेरा किलोमीटर. येताना बोट घ्यायचा मोह होईल. बॅगा, बाळ, गाडी असा संसार हातात असताना घेऊ नका. टॅक्सी करा. बोट पुढे येणारच आहे, आणि तिला मोकळ्या हातांनी भेटायला हवं.

खोली तळमजल्यावरची

फोर्ट कोचीत हॉटेलांपेक्षा होमस्टे जास्त. जुनी घरं, लाकडी जिने, त्या जिन्यांच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद. फोटोत तो जिना फार सुंदर दिसतो. रात्री अकराला झोपलेलं पोर खांद्यावर आणि बाबागाडी हातात घेऊन चढताना त्याच्याकडे सौंदर्य म्हणून बघवत नाही. फोनवर एवढंच विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, आणि बाळाला अंघोळीला गरम पाणी व बादली मिळेल का. बाथटबचं काय करायचं आहे, बादली-मग असला की आपलं बाळ खूश.

होमस्टेचा दुसरा फायदा म्हणजे स्वयंपाकघर. आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही चेची म्हणायचो, म्हणजे ताई. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून विचारायचंच सोडलं आणि सकाळी सात वाजता मऊ भाताची वाटी थेट दारात आणून ठेवली.

सकाळ: साडेसहा ते साडेनऊ

बाळ असताना दिवसाचे दोनच तुकडे आपले असतात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, आणि संध्याकाळी चार ते सात. मधला वेळ खोलीचा, झोपेचा आणि पंख्याचा. एका तुकड्यात एकच ठिकाण धरा, दुसरं जमलं तर नशीब. आठ ठिकाणांची यादी करून येणाऱ्यांना मी तिथे बघितलंय. त्यांची बाळं रडत होती, आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

पहिली सकाळ चिनी जाळ्यांना द्या. वास्को द गामा चौकापाशी पाण्याच्या काठाने ती उभी आहेत: सागवान आणि बांबूचे लांबच लांब वासे, त्यांना टांगलेलं वीसेक मीटर रुंद जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना एकाखाली एक बांधलेले धोंडे. सगळी करामत त्या धोंड्यांची. वासा झुकला की जाळं पाण्यात जातं. चार-सहा माणसं मिळून दोर ओढतात, तेव्हा धोंड्यांचा भार जाळ्याच्या भाराला तोलतो आणि जाळं ठिबकत वर येतं. तराजूच म्हणा ना. मासे निघतात पसाभर, कावळे जमतात पन्नास. आमच्या लेकीने मासे पाहिलेच नाहीत, धोंडे वर-खाली होताना मात्र प्रत्येक वेळी टाळ्या पिटल्या. एवढ्या लहान मुलाला दाखवण्यासारखं यंत्र दुसरीकडे क्वचित असेल. सगळं मोठं, सगळं हळू, आणि सगळं उघड्यावर.

कोळी तुम्हाला फळ्यांवर बोलावतील, दोर ओढून बघा म्हणतील, मग पैसे मागतील. मोठ्यांनी एकेकट्याने जावं, मजा येते. बाळाला घेऊन जाऊ नका. लाकडं ओली, शेवाळलेली, आणि मधल्या फटींतून खाली सरळ पाणी दिसतं.

तिथून समुद्राच्या काठाने पायवाट जाते. बाबागाडीसाठी गावातला हा सगळ्यात सुखाचा पट्टा आहे, मधेमधे उखडलेल्या फरश्या सोडल्या तर. किनारा स्वतः अरुंद आहे. पावसाळ्यानंतर खाडीतली जलपर्णी वाहून येऊन वाळूवर साचते. गणपतीपुळ्याची किंवा तारकर्लीची वाळू डोक्यात असेल तर निराशा होईल. गाडी वाळूत घालू नका, चाकं रुततात आणि वाळू आसात गेली की घरी पोहोचेपर्यंत करकरते. इथे पोहायचंही नसतं. बाकावर बसून आत शिरणारी जहाजं बघायची. बंदराचं तोंड इतकं जवळ आहे की जहाज रस्त्यावरून जातंय असं वाटतं.

साडेआठ-नऊच्या सुमारास सेंट फ्रान्सिस चर्चकडे वळा, अंतर चालत पाचेक मिनिटांचं. पहिलं चर्च १५०३ मध्ये लाकडाचं बांधलं होतं, नंतर ते दगडी झालं. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं. १५३९ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, पण थडग्याचा दगड इथेच आहे. आत गाडी फिरते, गारवा असतो. वर बघायला विसरू नका. लांबलचक कापडी पंखे टांगलेले आहेत. बाहेर बसलेली माणसं भिंतीतून आलेल्या दोऱ्या ओढून ते हलवायची. बाळाला बाकावर पाठ टेकून धरा, ते पंखे बघत बसेल. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या दिवशी चर्च बाजूला ठेवा आणि दुसऱ्या सकाळी या.

चर्चबाहेर परेड ग्राउंड आणि त्याभोवतीच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष. एकेका झाडाने अख्खा रस्ता छपरासारखा झाकलाय. बाळ झोपेला आलं असेल तर इथेच गोल गोल ढकलत राहा, दहा मिनिटांत काम होतं. टप मात्र ओढलेलं असू द्या. झाडावर कावळ्यांचा मुक्काम आहे, आणि त्यांना आपल्या दुपट्याचं काही पडलेलं नाही.

जवळच सांताक्रूझ बॅसिलिका आहे, सध्याची इमारत १९०५ ची. रंगवलेलं छत बघण्यासारखं. डच दफनभूमी १७२४ ची, दार बहुतेक वेळा बंद, कुंपणावरून दिसते. बाबागाडी असताना कुंपणावरून दिसणं हेच पुरेसं असतं.

दुपार खोलीतच

साडेदहानंतर ऊन चढतं. खोलीवर या, बाळाला न्हाऊ घाला, पंख्याखाली झोपवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर उकाडा आहे म्हणून वरचं पाणी पाजायचं नसतं. अंगावरचं दूध जास्त वेळा द्यायचं. मोठ्या बाळाला उकळलेलं किंवा सीलबंद पाणी. खानावळीत तुमच्यासमोर फिकट गुलाबी, कोमट पाणी येईल. त्यात पतिमुगम नावाच्या झाडाची साल किंवा लाकूड उकळलेलं असतं. मोठ्यांनी बिनधास्त प्यावं. बाळाला आम्ही आमचंच दिलं.

मट्टांचेरी: इथे गाडी मिटा

फोर्ट कोचीहून मट्टांचेरी दोन-अडीच किलोमीटर. चालत जाता येतं असं लोक सांगतात. ते बाबागाडीशिवाय गेलेले असतात. बाजार रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना मिरी, सुंठ, तांदळाची गोदामं, आणि मधून मालाच्या गाड्या. पदपथ नाही. वास मात्र असा की आजीच्या मसाल्याच्या डब्यात शिरल्यासारखं वाटावं. रिक्षाने जा, गाडी मिटून सीटच्या मागे टाका, बाळ कॅरिअरमध्ये. सकाळी साडेनऊ किंवा दुपारी साडेतीन, यांपैकी एक वेळ धरा. सिनेगॉग मधल्या वेळेत, साधारण एक ते तीन, बंद असतं.

आधी राजवाडा. बांधला पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास आणि कोचीच्या राजाला भेट दिला. १६६३ नंतर डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं डच पॅलेस. वस्तू आहेत वरच्या मजल्यावर, जिना उभा. बाबागाडी खाली ठेवायला लागते. तिकीटखिडकीशी विचारा आणि पर्स, औषधं काढून घेऊन मगच ठेवा. वरच्या शेजघरात भिंतभर रामायण रंगवलेलं आहे. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे सगळे खरंच चित्रं बघतात. जमिनीकडेही बघा. काळ्या संगमरवरासारखी चकाकते, पण ती नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, वनस्पतींचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेली आहे. हे कळल्यावर नवरा म्हणाला, आपण फ्लॅटच्या टाइल्सना किती पैसे दिले होते?

राजवाड्यातून चालत पाच-सात मिनिटांवर परदेशी सिनेगॉग, १५६८ सालचं. दुकानांच्या गल्लीच्या टोकाला आहे. दुकानदार हाका मारत असतात, बाळ असलं की जास्तच. आत चपला काढायच्या, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बॅगा बाहेर ठेवायला सांगतात, त्यामुळे एक डायपर आणि एक रुमाल खिशात असू द्या. इथे कॅरिअर सोडून मी लेकीला खाली बसवलं. जमिनीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, अठराव्या शतकात कँटनहून आणलेल्या, प्रत्येक हाताने रंगवलेली आणि म्हणून प्रत्येक जरा वेगळी. लेकीने तळवा एका फरशीवर टेकवला, गार लागल्यावर उचलला, पुन्हा टेकवला. मग पुढच्या फरशीवर. माणसं वर झुंबरं बघत होती. फरशांचं वेगळेपण तपासणारी तिथे तेवढीच एक होती.

आपल्याला या जागेचा एक धागा जवळचा आहे. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाला एकोणिसाव्या शतकात धर्माचं शिक्षण द्यायला कोचीचे ज्यू शिक्षक आणि प्रार्थना म्हणणारे येत असत. रायगडमधल्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ज्यूंच्या, गावांचा आणि या गल्लीचा संबंध आहे तो असा. दुसरा धागा चेरलाई भागात सापडतो. गोव्यातून पोर्तुगीजांच्या काळात निघालेले गौड सारस्वत इथे स्थायिक झाले, आणि आजही घरात कोंकणी बोलतात. एका दुकानात आजींनी लेकीला कडेवर घेतलं आणि तिच्याशी जे बोलल्या ते मला निम्मं कळलं. चारशे-साडेचारशे वर्षांनंतर निम्मं म्हणजे काही कमी नाही.

बाळाचं खाणं

केरळात बाळाच्या जेवणाची चिंता करू नका. इडली, अप्पमचा मधला जाड मऊ भाग, शेवयांसारखं दिसणारं इडिअप्पम दुधात कुस्करून, आणि नेंद्र केळं. ते केळं पिकलेलं असलं तरी वाफवून देतात, चमच्याने सहज मोडतं. आपल्याकडे नाचणीसत्त्व तसं इथे कच्च्या केळ्याचं पीठ, बाळांसाठी खास. ते आधी कधी दिलं नसेल तर प्रवासात सुरुवात करू नका. एक डबा घरी घेऊन जा आणि तिथे करून बघा. मोठ्यांची मासळी जाळ्यांजवळच्या टपऱ्यांवर ताजी मिळते, भाव आधी ठरवा.

चार शब्द पाठ करा. ‘एरिवु वेण्डा’ म्हणजे तिखट नको. ‘चूडु वेळ्ळम’ म्हणजे गरम पाणी. ‘पाल’ म्हणजे दूध. आणि सगळ्यात उपयोगी ‘कुञ्ञ उरंगुवाणु’, बाळ झोपलंय. कारण इथे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बाळाचा गाल ओढायला येतो, ‘मोळे’ (मुली) किंवा ‘मोने’ (मुला) म्हणत. प्रेम असतं, पण बाराव्या गालगुच्च्यानंतर बाळाचं मत बदलतं.

डायपर बदलायला खास खोली गावात शोधू नका. गाडीची पाठ आडवी होत असेल तर तीच तुमची खोली. अंगावर पाजायला चर्चच्या आवारातली झाडं किंवा कॅफेचा कोपरा. ओढणी मोठी ठेवा, कुणी बघत नाही.

संध्याकाळी कथकली बघायची इच्छा असेल तर एक युक्ती. प्रयोगाआधी तासभर रंगभूषा प्रेक्षकांसमोर चालते. नट जमिनीवर आडवे पडून चेहरे हिरवे करून घेतात. तेवढं बघा आणि चेंडा नावाचा ढोल वाजायला लागायच्या आत बाहेर पडा. आम्ही थांबलो. तीन मिनिटं.

शेवटी बोट

कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फोर्ट कोचीला पोहोचली. विजेवर चालणारी, वातानुकूलित, शंभर माणसांची बोट. बाबागाडीवाल्यांनी तिला हात जोडावेत असं तिच्यात एक आहे: धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीने पाणी वर-खाली झालं की धक्काही बोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोघांची पातळी सारखी राहते आणि गाडी न उचलता थेट आत जाते. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बाळ हातोहात दिलेलं ज्यांना आठवतं, त्यांना याचं मोल कळेल. ओहोटीला धक्क्याकडे उतरणारा उतार जास्त तिरपा होतो, तेव्हा गाडी उलटी धरून, स्वतः खाली राहून उतरवा.

फोर्ट कोची ते एर्नाकुलमचं हायकोर्ट टर्मिनल वीस-पंचवीस मिनिटं, आम्ही गेलो तेव्हा तिकीट ४० रुपये. उतरलात की जवळच मरीन ड्राइव्हची पाण्याकाठची रुंद पायवाट. सकाळी आठ-नऊला जा, तासभर ढकला, बोटीनेच परत या. जहाजं, डॉल्फिन दिसलेच तर डॉल्फिन, आणि काचेला नाक लावून बसलेलं बाळ.

बोटीत शंभरापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, म्हणून सुटीच्या दिवशी आणि सूर्यास्तानंतर फोर्ट कोचीच्या धक्क्यावर लांब रांग लागते. अडकलात तर रो-रो आहे, तिला इथे जंकार म्हणतात. दाभोळ-धोपावेची फेरीबोट पाहिली असेल तर ओळखाल. गाड्या, मोटारसायकली, माणसं सगळी एकत्र, आणि लोखंडी उतारावरून बाबागाडीही. पाचेक मिनिटांत समोरच्या व्हायपीन बेटावर पोहोचवते. तिथून हायकोर्टला वॉटर मेट्रोची वेगळी फेरी आहे, तिला रांग लहान असते. जंकारवर मोटारसायकलवाले आधी सुटतात. त्यांना जाऊ द्या, सायलेन्सर थेट बाबागाडीच्या उंचीवर येतात. मग शेवटून सावकाश उतरा.